पहिल्यांदा बाळाला अंगावर पाजताना: दूध उतरायच्या आधीचे दिवस आणि त्यानंतरचे

पहिल्या बाळंतपणात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "तिला अजून दूधच आलं नाही". बाळ जन्मून चार तास झालेले नसतात तोवर कोणीतरी हे बोलून जातंय, मग आई, सासूबाई, शेजारची काकू सगळ्यांना काळजी लागते आणि संध्याकाळपर्यंत कोणी मध कोणी गुळाचं पाणी कोणी पावडरचा डबा घेऊन हजर. म्हणून ही गोष्ट आधीच सांगते, आणि डिलिव्हरीच्या आधी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखव. पहिले दोन-तीन दिवस दूध असंच असतंय. थेंब थेंब, घट्ट, पिवळसर. तो चीक. बाळाच्या पोटात पहिल्या दिवशी एका वेळी जेमतेम चमचाभर म्हणजे ५ ते ७ मिली मावतंय, त्यामुळे तो चीक कमी नसतो, बाळाच्या मापाचाच असतो. त्यात रोगाशी लढणारे घटक भरपूर असतात आणि बाळाची पहिली काळी शी बाहेर पडायलाही त्याची मदत होते. आपल्याकडं गाय व्याली तर पहिला चीक वासराच्या पोटात गेल्याशिवाय जाणती माणसं धार काढत नाहीत, मग माणसाच्या बाळाचा चीक "खराब दूध" म्हणून पिळून का टाकायचा? अजून काही घरांत टाकतात, मनाला लागतंय ते बघून.

भरपूर पांढरं दूध उतरतंय ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. पहिली खेप असेल, सिझर झालं असेल, रक्त जास्त गेलं असेल, शुगर असेल तर एखादा दिवस उशीर होऊ शकतो. तोवर करायचं काम एकच, बाळाला परत परत छातीला लावायचं. बाळ जितकं ओढणार तितका मेंदूला निरोप जाणार आणि तितकं दूध तयार होणार, छाती रिकामी झाली की भरणार. डबा सुरू केला की बाळ छातीला कमी लागतंय, म्हणून दूध कमी बनतंय, आणि मग सगळे म्हणणार बघ, आम्ही म्हटलं नव्हतं का तिला दूधच नाही!

पहिला तास

जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत बाळाला छातीला लावायचं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि आपल्या सरकारी दवाखान्यातल्या भिंतीवरही लिहिलेलं असतंय. नॉर्मल डिलिव्हरी असेल तर बाळाला पुसून सरळ आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून दोघांना मिळून दुपटं नाहीतर चादर. बाळाला ऊब मिळते, श्वास शांत होतो, आणि बरीच बाळं अर्ध्या-पाऊण तासात स्वतःच तोंड हलवत छाती शोधायला लागतात, कोणी शिकवायला लागत नाही. सिझरमध्ये बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन दिलेलं असतंय म्हणजे तू जागीच असतेस, त्यामुळे "सिझर झालंय, उद्या पाजू" हे बरोबर नाही. बाळ आणि तू दोघं ठीक असाल तर रिकव्हरीत आल्या आल्या कोणाला तरी बाळ धरायला सांगून लावता येतंय.

हे आधी ठरवून ठेवायला लागतंय, कारण त्या वेळी तुला बोलायचं त्राण नसणार. आठव्या-नवव्या महिन्यात तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरना स्पष्ट सांग की बाळाला पहिल्या तासात माझ्याकडं द्या आणि विचारल्याशिवाय वरचं काही देऊ नका. जी बाई तुझ्यासोबत दवाखान्यात राहणार, आई असो की नणंद की जाऊ, तिलाही हेच पाठ करून ठेव. बेळगावात, चिकोडीला, खानापूरला वॉर्डातल्या सिस्टर बऱ्याचदा कन्नडच बोलतात, आपल्यातल्या खेड्यातून पहिल्यांदा आलेल्या पोरी गप्प बसून राहतात. गप्प बसू नको. "कूसु हालु कुडीतिल्ल, स्वल्प तोरसरी" एवढं म्हटलंस तरी बाळ दूध पीत नाही जरा दाखवा हे कळतंय, आणि ज्या सिस्टरला वेळ असेल ती येऊन दाखवते. संकोच वाटतोय म्हणून रात्रभर रडत बसण्यापेक्षा चार वेळा हाक मारलेली बरी.

धरायचं कसं

हा भाग सावकाश वाच, कारण निप्पल चिरणं, बाळ चिडणं, पोट न भरणं, ह्यातल्या बहुतेक तक्रारी धरण्यातूनच सुरू होतात.

आधी तू नीट बस. पाठीला उशी, पाय टेकलेले, मांडीवर एक-दोन उशा म्हणजे बाळ छातीच्या उंचीला येतंय आणि तुला वाकायला लागत नाही. छाती बाळाकडं न्यायची नाही, बाळाला छातीकडं आणायचं. डाव्या बाजूला पाजणार असशील तर सुरुवातीला बाळाला उजव्या हातावर घे, तळवा त्याच्या खांद्यांच्या मागं, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली मानेला आधार देणारी. डोकं मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ उलट मागं ताणतंय. बाळाचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं पाहिजे, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळवून पिणारं बाळ नीट गिळू शकत नाही. डाव्या हातानं छाती खालून धर, बोटं निप्पलभोवतीच्या काळ्या भागापासून लांब.

आता बाळाचं नाक निप्पलच्या समोर येऊ दे, तोंड नव्हे, नाक. निप्पलनं त्याच्या वरच्या ओठाला हळूच स्पर्श कर आणि थांब. जांभई दिल्यासारखं तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत थांब. उघडलं की पटकन बाळाला जवळ ओढ, हनुवटी आधी टेकली पाहिजे. नुसतं बोंड तोंडात गेलं तर ते चिरणार, खालचा काळा भाग बराचसा आत गेला पाहिजे. बरोबर धरलं असेल तर हनुवटी छातीला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल फुगलेले असतात आत ओढलेले नसतात, आणि काळा भाग खालच्या ओठाखाली कमी आणि वरच्या ओठावर जास्त दिसतो. आधी भरभर चोखतंय मग हळू, लांब, मध्येच थांबून गिळल्याचा बारीक आवाज येतोय. पहिले काही सेकंद ओढ लागल्यासारखं वाटणं ठीक, पण पूर्ण वेळ कळ येत असेल, "चट् चट्" आवाज येत असेल, सोडल्यावर बोंड चपटं नाहीतर पांढरं पडलेलं दिसत असेल तर धरणं चुकलंय. ओढून काढू नको, करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाल, पकड सुटते, मग परत लाव. दहा वेळा लावायला लागलं तरी लाव.

सिझर झालं असेल तर टाक्यांवर वजन नको म्हणून बाळाला काखेखाली घ्यायचं, पाय तुझ्या पाठीकडं, डोकं हातात. नाहीतर कुशीवर झोपून. कुशीवर रात्री बरं पडतंय पण मग बाळाच्या आजूबाजूला जाड वाकळ, मऊ उशा ठेवायच्या नाहीत, तोंडावर पांघरूण येऊ द्यायचं नाही.

निप्पल चपटे किंवा आत गेलेले असले तरी पाजता येतंय, बाळ काळा भाग धरून पितंय. अशा वेळी पाजायच्या आधी थोडं हातानं दूध काढून भाग मऊ करायचा, आणि सिस्टर सिरिंजनं बोंड बाहेर काढायची एक पद्धत दाखवतात ती त्यांच्याकडूनच शिकून घे, घरी अंदाजानं करू नको.

किती वेळा, आणि पोट भरलं हे कसं कळणार

२४ तासांत ८ ते १२ वेळा. घड्याळ बघून नव्हे, बाळ बघून. जीभ बाहेर काढतंय, हात तोंडाकडं नेतंय, मान वळवून शोधतंय, ही भुकेची वेळ. रडायला लागलं म्हणजे उशीर झालाय, आधी छातीशी धरून शांत कर मगच लाव. पहिले काही दिवस बाळं झोपाळू असतात, ३ तास होऊन गेले आणि उठत नसेल तर उठवायचं, अंगावरचं दुपटं काढ, लंगोट बदल, तळपाय चोळ. एका बाजूचं मनसोक्त पिऊन सोडलं की ढेकर काढून दुसरी बाजू दे, घेतलं तर घेतलं. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूनं सुरू कर.

संध्याकाळी बरीच बाळं तास-दोन तास सारखी छातीलाच लागून राहतात, सोडलं की रडतात. घरचे लगेच म्हणणार पोट भरत नाही. तसं नसतंय, बाळं असंच करतात आणि त्यातूनच दूध वाढतंय.

पोट भरतंय का हे छातीला हात लावून कळत नाही, पंपात किती आलं त्यावरूनही नाही. लंगोट मोज. पहिल्या दिवशी एखादी सू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला ६ किंवा जास्त, फिकट रंगाची. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी पातळ, तिला जुलाब समजू नको. वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतंच, ७ टक्क्यांपर्यंत चालतंय, १० टक्क्यांच्या जवळ गेलं तर डॉक्टरना दाखवायचं. दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे.

दूध उतरलं की

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती अचानक जड, गरम, टणक होते, बारीक ताप आल्यासारखंही वाटतंय, आणि नेमकं तेव्हाच घरी पाचवीची पूजा, पाहुण्यांची वर्दळ. बायका तुझ्या खोलीत येऊन बसतात, बाळ हातोहात फिरतंय, पाजायची वेळ टळते आणि छाती अजून भरते. नवऱ्याला नाहीतर आईला दाराशी उभं करून सांगायला लाव की बाळ पाजायचंय, जरा बाहेर बसा. ह्यात कोणाचा मान जात नाही.

छाती फार भरली की काळा भाग ताणून गुळगुळीत होतो आणि बाळाला धरताच येत नाही. पाजायच्या आधी दोन-चार मिनिटं कोमट फडकं ठेव, मग हातानं थोडं दूध काढ. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडं मागं दाबायचं मग बोटं एकमेकांकडं आणायची मग सोडायचं, कातडीवर घासायचं नाही. मऊ झालं की बाळाला लाव. पाजून झाल्यावर गार फडकं, सूज उतरते. जोरजोरात चोळून गाठ फोडायचा प्रकार अजिबात नको, तेल लावून रगडणाऱ्या बायका चांगल्या मनानं करतात पण आतून सूज वाढते. एका बाजूला लाल चट्टा, भयंकर दुखणं, थंडी वाजून ताप असं झालं तर डॉक्टरकडं जायचं, गोळ्या लागू शकतात. पण पाजणं बंद करायचं नाही, त्या बाजूचं दूध बाळाला चालतंय आणि बंद केलं तर त्रास वाढतो.

बोंड चिरलं असेल तर आधी धरणं सुधार. पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचा थेंब लावून वाळू दे. प्रत्येक वेळी साबणानं धुवायची गरज नाही, त्यानं कातडी अजून सुकते.

पाजताना ओटीपोटात कळा येतात, विशेषतः दुसऱ्या खेपेला, घाबरू नको, गर्भाशय आकसतंय. आणि पान्हा फुटायला मन थोडं शांत लागतंय हे खरं आहे. भीती, दुखणं, कोणाचं टोचून बोलणं ह्यानं पान्हा अडतो, म्हणून जी माणसं बाळंतिणीला घालूनपाडून बोलतात ती बाळाच्या तोंडचंच काढून घेतात असं माझं सरळ मत आहे.

तुझं खाणं, आणि बाळाला काय द्यायचं नाही

डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, मेथी, शेपू, गोकाकचा कर्दंट, सगळं खा, आवडतंय तेवढं खा. बाळंतपणात झिजलेलं अंग भरून यायला त्याचा उपयोग आहे. पण लाडू खाऊन दूध आपोआप वाढत नाही, बाळ ओढतंय म्हणून वाढतंय, दोन्ही पाहिजे. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, मासे, चालत असेल ते सगळं चालतंय. "पाणी पिऊ नको, पोट सुटेल" हे मात्र ऐकू नको, तहान लागेल तेवढं पी, पाजायला बसतेस तिथं तांब्या भरून ठेव. कर्नाटकात अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेतून बाळंतिणीला आहार मिळतोय, नाव नोंदव, तो तुझ्या हक्काचा आहे.

मिश्री लावायची सवय असेल तर सोड, अगदी लगेच जमत नसेल तर आशाताईशी बोल, पण लपवू नको. तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतंय. निपाणी भागात विडीचं काम करणाऱ्या बायकांनी बाळाला घ्यायच्या आधी हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, वरचा कपडा बदलायचा, आणि तंबाखूचं सूप बाळ झोपतंय त्या खोलीत ठेवायचं नाही.

बाळाला ६ महिने आईचं दूध सोडून काही नको. पाणी पण नको, एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा नको, दुधातच पाणी असतंय, फक्त जास्त वेळा पाज. बाळगुटी, वेखंड, जायफळ उगाळून देणं, बोटानं मध चाटवणं हे थांबव. मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नाही, त्यातून बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. सासूबाई नाराज होतील, म्हणून तू एकटी वाद घालू नको, पुढच्या तपासणीला त्यांना सोबत ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. डॉक्टरांनी लिहून दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब किंवा औषध मात्र द्यायचं, ते वेगळं. आणि बाळाच्या खोलीत शेगडीत धूप-ओवा घालून कोंडून धुरी देऊ नका. थंडी-पावसात ऊब पाहिजे तर उघड्या छातीशी धरणं सगळ्यात चांगलं.

पावडरच्या डब्याची जाहिरात करायला आणि फुकट सॅम्पल वाटायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे कोणी "घरी जाताना असू दे" म्हणून डबा हातात ठेवला तर नको म्हण. पण बाळाची शुगर उतरली, वजन फार घटलं, बाळ कमी दिवसांचं आहे आणि डॉक्टरांनी कारण सांगून काही दिवस वरचं दूध द्यायला लावलं तर दे, अपराधी वाटून घेऊ नको. फक्त बाटलीनं नव्हे, वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं दे, आणि दर वेळी आधी छातीला लाव. बाळ काचेच्या पेटीत असेल तर पहिल्या काही तासांतच हातानं काढायला सुरू कर, दिवसरात्र मिळून ८ वेळा तरी, थेंब आले तरी ते सिस्टरकडं दे.

कामावर जाताना काढून ठेवलेलं दूध उकळून गार केलेल्या स्टीलच्या डब्यात, घरात गारवा असेल तर ४ तास चालतंय, उन्हाळ्यात त्याच्या आत संपवायचं. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस, पण आपल्याकडं लाईट जातेय हे लक्षात ठेव. गरम पाण्यात डबा ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही.

कधी थांबायचं नाही

बाळ प्यायचंच बंद झालं, उठवून उठत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, श्वास मिनिटाला ६० च्या वर आहे, छाती आत ओढली जातेय, झटका आला, पाचव्या दिवसानंतरही दिवसभरात दोन-तीनच सू, टाळू खोल गेलीय, पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसतंय किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे झालेत, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन कर. वाटेतही बाळाला छातीशी उघडं धरून वरून गुंडाळून ने, आणि गिळत असेल तर पाजत राहा.

साध्या शंकांसाठी आशाताई आहेतच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतंय, बाळाचं वजन करायचं असतंय, त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखव आणि धरणं बरोबर आहे का विचार. आपल्या सीमाभागात एक अडचण नेहमी होते. सासर चंदगडला, माहेर खानापूरला, बाळंतपण बेळगावात, मग इकडच्या आशाताईंना वाटतंय पोरगी तिकडची आणि तिकडच्यांना वाटतंय माहेरी गेलीय, आणि कोणीच येत नाही. म्हणून माहेरी आल्या आल्या तिथल्या अंगणवाडीत नाव सांग, दोन्हीकडच्या आशाताईंचे नंबर घे, आणि कर्नाटकचं थायी (आईचं) कार्ड असो की महाराष्ट्राचं माता-बाल कार्ड, दोन्ही एकाच पिशवीत बाळाच्या कपड्यांसोबत ठेव. कार्डावरचं कन्नड वाचता येत नसेल तर वजनाचे आकडे आणि लसीच्या तारखा आशाताईंकडून मराठीत मागं लिहून घे.